विदर्भातल्या खेड्यात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : नवख्यांसाठी मार्गदर्शन

गोल्डफिश किंवा गप्पी सांभाळून हात बसलेला माणूस जेव्हा समुद्री माशांकडे वळतो, तेव्हा तो सर्वांत आधी विचारतो की मासा कोणता घ्यावा. विदर्भातील खेड्यात राहणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत शेवटी ठेवावा. येथे समुद्री मासा जगतो की मरतो हे त्याच्या जातीपेक्षा तीन गोष्टींवर अधिक ठरते : शुद्ध पाणी कोठून येणार, वीज गेल्यावर टाकीतील पाणी हलते कसे राहणार आणि मे महिन्यात त्याचे तापमान कसे आवरणार. या तिन्हींची सोय लागल्याशिवाय काच कापायला देऊ नये.

पुढील सर्व माहिती केवळ माशांच्या टाकीसाठी आहे, म्हणजे क्लाउनफिशची एक जोडी, सोबत एखाद-दुसरा लहान मासा, काही गोगलगायी आणि शंखातले खेकडे. प्रवाळ वाढवणे हे वेगळे शास्त्र आहे आणि नवख्याने त्याच्या नादी लागू नये.

केव्हा सुरू करावे

दिवाळीनंतर. टाकी भरल्यापासून तिच्यात मासे सोडण्याजोगी स्थिती येईपर्यंत सहसा चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे नोव्हेंबरात पाणी भरले तर मासे डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत येतात. त्या वेळी प्रवासात पिशव्या तापत नाहीत आणि चंद्रपूर, वर्धा, अकोला या भागांत पारा ४५ अंशांकडे सरकण्यापूर्वी टाकीला स्थिर व्हायला तीन-चार महिने मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये सुरुवात करणारा माणूस जिवाणूंची वाढ, नवे मासे आणि उन्हाळा ही तिन्ही ओझी एकदम डोक्यावर घेतो. हिवाळ्याची अडचण त्या मानाने किरकोळ आहे. रात्री पारा १० अंशांखाली गेला तरी १५० ते २०० वॅटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर मध्यम टाकी २५-२६ अंशांवर राखतो.

जागा आणि टाकी

पहिली टाकी फार लहान घेऊ नये, कारण थोड्या पाण्यात तापमान आणि क्षारता दोन्ही झपाट्याने बदलतात. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी सुरुवातीला योग्य ठरते. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते. वरची दोन बोटे मोकळी सोडून आणि दगड-वाळूची जागा वजा करून प्रत्यक्षात १५० लिटरच्या आसपास उरते. काच १० मिलिमीटरची घ्यावी आणि तिचे सांधे सिलिकॉनने भरून घेतल्यावर ते पुरते सुकू द्यावेत. काच, पाणी, दगड आणि स्टँड मिळून वजन अडीचशे किलोपर्यंत जाते, म्हणून फरशी सपाट आणि न खचणारी हवी. लोखंडी स्टँडवर खारे पाणी उडून तो वर्षभरात गंजू लागतो. आपल्याकडे सागवान मिळते, त्याचा स्टँड करून त्याला पॉलिश द्यावे आणि काचेखाली थर्माकोलचा पत्रा घालावा.

टिनपत्र्याखालची खोली टाळावी. कवेलूचे किंवा मातीच्या जाड भिंतींचे जुने माजघर असेल तर त्याहून चांगली जागा नाही, कारण दुपारी ते स्लॅबच्या घरापेक्षा थंड राहते. स्वयंपाकघरात फोडणीचा तेलकट धूर पाण्यावर थर धरतो. डासांची कॉइल आणि फवारा त्या खोलीत कधीही वापरू नये.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. शेतात कीटकनाशक फवारून आलेल्या माणसाने आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय टाकीत हात घालू नये, आणि फवारणीचे डबे किंवा पंप धुतलेली बादली टाकीच्या कामाला चुकूनही घेऊ नये. कीटकांना मारणारी औषधे कोळंबी आणि खेकड्यांनाही मारतात, कारण हे जीव कीटकांच्याच संधिपाद कुळातले आहेत. टाकीसाठी दोन नव्या बादल्या घ्याव्यात आणि त्यांवर रंगाने खूण करावी.

विजेच्या बाबतीत हयगय नको. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते आणि खेड्यांतील कित्येक घरांत अर्थिंग नावालाच असते. वायरमन बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, टाकीच्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर बसवावा आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते.

पाणी : या साऱ्या खटाटोपाचे मूळ

बोअरचे पाणी थेट वापरता येत नाही. आपल्याकडचे भूजल बहुधा जड असते, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत त्यात फ्लोराइड आहे, आणि शेतीतील खतांमुळे नायट्रेटही येते. नळयोजनेच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते आणि तिच्यातील क्लोरीन माशांना व उपयोगी जिवाणूंना घातक असते.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. आमची विहीर मुळातच खारी, मग मीठ कशाला विकत आणायचे, असा प्रश्न तेथील वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण त्या पाण्याचा खारटपणा आणि समुद्राचा खारटपणा एक नव्हे. समुद्राच्या क्षारांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के, सोडियम ३० टक्के, सल्फेट ८ टक्क्यांच्या आत, मॅग्नेशियम ४ टक्क्यांच्या आत, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास असते. हे प्रमाण जगातील सर्व महासागरांत जवळपास सारखेच राहते आणि समुद्री जिवांची शरीरे त्यावरच पोसलेली आहेत. विहिरीच्या क्षारांत असे प्रमाण नसते. लोणारच्या सरोवराचे पाणीही खारे आहे, परंतु ते इतके अल्कधर्मी आहे की समुद्री मासा त्यात तग धरणार नाही. किराणा दुकानातील बारीक किंवा खडे मीठ म्हणजे जवळजवळ केवळ सोडियम क्लोराइड, तेही येथे निरुपयोगी आहे. मत्स्यालयासाठी तयार केलेले समुद्री मीठच घ्यावे लागते आणि या एका खर्चाला पर्याय नाही.

हे मीठ विरघळवायला शक्य तितके क्षाररहित पाणी हवे. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारी छोटी वस्तू, सर्वांत आधी विकत घ्यावी. गावात मिळणारा २० लिटरचा आरओचा जार बहुधा वीस-तीस ते शंभरच्या दरम्यान आकडा दाखवतो, कारण चवीसाठी त्यात साधे पाणी मिसळलेले असू शकते. त्यामुळे प्रत्येक वेळी मोजून घ्यावे. घरचे आरओ यंत्र असेल तर त्याच्या पुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांची, नळी जोडून आकडा शून्यावर आणता येतो, आणि दीर्घकाळ टाकी ठेवायची असेल तर माझ्या मते हाच मार्ग शहाणपणाचा आहे. आरओ यंत्र एका लिटरसाठी दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. ते भांडी घासायला, फरशी पुसायला वापरावे. ज्या गावात एप्रिलनंतर टँकर लागतो, तेथे मार्चमध्येच झाकणाच्या पिंपात शुद्ध पाणी साठवावे; तेही जमणार नसेल तर त्या गावात हा छंद तूर्त पुढे ढकलणे बरे.

मिश्रण करताना पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, कारण तसे केल्यास कॅल्शियमचे क्षार न विरघळता तळाशी बसतात. लिटरला सुमारे ३६ ग्रॅम मीठ लागते, म्हणजे १५० लिटरच्या पहिल्या भरणीला साडेपाच किलोंच्या आसपास. पिंपात छोटा पंप सोडून रात्रभर पाणी फिरू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजावी. ती दर हजारी ३५, म्हणजेच विशिष्ट गुरुत्व १.०२६, या आसपास असावी. माशांच्या टाकीत १.०२३ पर्यंतही चालते, पण जो आकडा ठरवला तो रोज तोच राहिला पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटर महिन्यातून एकदा ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा.

दगड, वाळू आणि यंत्रे

तळाला अरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू एक-दीड इंच घालावी. वैनगंगेची किंवा वर्धेची रेती दिसायला स्वच्छ असली तरी ती सिलिकाची असते, तिच्यात गाळ असतो आणि तिच्यामुळे पाण्याचा पीएच सावरत नाही. दगडांचे काम शोभेपेक्षा मोठे आहे : त्यांच्या छिद्रांत राहणारे जिवाणूच टाकी स्वच्छ ठेवतात. आपला काळा बेसाल्ट घट्ट असतो, वणी-कोरपन्याकडचा चुनखडकही तसाच. म्हणून कृत्रिमरीत्या बनवलेला सच्छिद्र कोरडा दगड १२ ते १५ किलो घ्यावा. समुद्रातून काढलेला 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला दगड, कोणी देऊ केला तर नाकारावा. भारतात प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घेण्यात आले आहे, आणि असा दगड बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो.

यंत्रांमध्ये पाणी फिरवणारा पंप, वेव्हमेकर (टाकीत लाटांसारखा प्रवाह उठवणारे यंत्र), हीटर, साधा एलईडी दिवा आणि प्रोटीन स्किमर एवढे पुरे. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटणारी सेंद्रिय घाण कपात गोळा करतो. गोड्या पाण्यात असा फेस नीट धरत नाही, त्यामुळे हे यंत्र बहुतेकांनी पूर्वी पाहिलेले नसते. वेव्हमेकरवर काटकसर करू नये. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा सुमारे एक पंचमांश प्राणवायू कमी विरघळतो आणि पाणी तापले की तो आणखी घटतो. पृष्ठभाग सतत हलता ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

येथेच इन्व्हर्टरचा प्रश्न येतो. पंप, वेव्हमेकर आणि हवेचा पंप मिळून २५ ते ३० वॅट घेतात. १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी एवढाच भार असेल तर पूर्ण दिवस काढू शकते, मात्र घरातील पंखे आणि टीव्ही त्याच बॅटरीवर असतील तर हा हिशेब कोसळतो. हीटर इन्व्हर्टरवर जोडू नये. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर पंप घुरघुरतात आणि तापतात, म्हणून साइन वेव्हचा घ्यावा. वादळाने खांब पडून दोन दिवस वीज न येणे आपल्याकडे नवलाचे नाही. त्यासाठी सेलवर चालणारा हवेचा पंप आणि सेलची जोडी टाकीखालच्या कप्प्यात कायम असावी.

जिवाणूंची वाट पाहणे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी आहेत, तिसरा थोड्या प्रमाणात सोसतो. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढावेत म्हणून मासा सोडून त्याला विषात ठेवण्याची जुनी पद्धत आता कोणी अवलंबू नये. त्याऐवजी प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड १५० लिटरला साधारण १ ग्रॅम घालावे, त्याने अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. कल्हईवाले वापरतात तो बाजारातील नवसागर म्हणजे हाच पदार्थ, पण त्यात धातूंची भेसळ असू शकते, म्हणून तो घेऊ नये. बाटलीतील तयार जिवाणू मिळाले तर घालावेत. न मिळाल्यास उशीर होतो, एवढेच.

चाचणी-संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहावे. आधी अमोनिया उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि पुढे तोही उतरेल. पुन्हा तेवढेच अमोनियम क्लोराइड घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्य येत असतील तर टाकी तयार झाली असे समजावे. या काळात दगडांवर तपकिरी थर येतो, तो आपोआप जातो. त्यानंतर निम्मे पाणी बदलून साठलेले नायट्रेट कमी करावे.

मासे निवडणे आणि आणणे

ऑसेलारिस क्लाउनफिश, ज्याला दुकानदार 'निमो' म्हणतात, तो नवख्यासाठी सर्वांत योग्य आहे, परंतु तो उबवणी केंद्रात जन्मलेलाच घ्यावा. भारतात केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या बंदिस्त प्रजननाचे तंत्र विकसित केले आहे आणि असे मासे बाजारात येतात. ते गोळीखाद्य खातात, हा खेड्याच्या दृष्टीने मोठा फायदा, कारण गोठवलेले खाद्य वीज गेल्यावर फ्रीजरमध्ये टिकत नाही. दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. जो मासा खात नाही तो कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. दोन लहान पिल्ले एकत्र घेतली की जोडी आपोआप जुळते : क्लाउनफिश जन्मतः नर असतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यांना समुद्रफुलाची (अ‍ॅनिमोनची) गरज नसते. ब्लू टँग या टाकीत मावत नाही, मँडरिन सूक्ष्म जीव खाऊनच जगतो आणि सिंहमाशाचे काटे विषारी असतात. हे तिन्ही टाळावेत. फायरफिश चांगला, पण उडी मारतो, म्हणून वर जाळी हवी.

मुंबईहून मासे आणायचे तर पिशवीत बारा-पंधरा तास जातात. संध्याकाळी निघून सकाळी नागपूरला पोहोचणारी विदर्भ एक्स्प्रेस शेगाव, अकोला, बडनेरा, वर्धा अशी बहुतेक जिल्ह्यांच्या दारावरून जाते आणि रात्रीचा प्रवास माशांना मानवतो. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यातच हव्यात.

घरी आल्यावर जे करतात त्यात बहुतेकांची गफलत होते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसणे घातक ठरते. विक्रेत्याला त्याच्या पाण्याची क्षारता आधी फोनवर विचारावी आणि नव्या माशांना आधी ठेवण्याच्या वेगळ्या टाकीतील पाणी तेवढ्याच क्षारतेवर आणून ठेवावे. बंद पिशवी वीस मिनिटे त्यात तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग पिशवी उघडून मासा हलकेच उचलून लगेच त्या पाण्यात सोडावा. पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये.

ही वेगळी टाकी म्हणजे चाळीस-पन्नास लिटरची साधी पेटी, तिच्यात स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. त्या स्पंजातही आधीच जिवाणू वाढलेले हवेत, म्हणून मोठी टाकी तयार होत असताना तो तिच्यातच ठेवावा. प्रत्येक नवा मासा येथे चार आठवडे राहिला पाहिजे. समुद्री पांढरे ठिपके हा रोग क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीमुळे होतो. तो मुख्य टाकीत शिरला तर सर्व मासे बाहेर काढून ती सुमारे अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. त्यावरचे तांब्याचे औषध वेगळ्या टाकीतच द्यावे, कारण गोगलगायी आणि खेकडे तांब्याने मरतात.

उन्हाळा

हवा कोरडी असते तोवर विदर्भाचा उन्हाळा या छंदाला जितका अवघड वाटतो तितका नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाण्याचे बाष्पीभवन वेगाने होते आणि बाष्पीभवनाने पाणी थंड होते. टाकीचे झाकण काढून जाळी ठेवावी आणि पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावावा. तापमान तीन-चार अंशांनी उतरते. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर खोली थंड होते, मात्र हवा दमट झाल्याने पंख्याचा परिणाम थोडा घटतो. दोन्ही मिळून पाणी २७-२८ अंशांवर राहिले तर क्लाउनफिशला ते चालते. दिवा दुपारी बंद ठेवून संध्याकाळी लावावा.

खरी कसोटी मृगाच्या सुमारास लागते. ढग येतात, हवा दमट होते, पाऊस मात्र लांबतो. तेव्हा कूलरही चालत नाही आणि पंख्यानेही पाणी थंड होत नाही. त्या दिवसांत खाद्य निम्मे करावे, हवेचा पंप अखंड चालवावा आणि पाण्याचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ लागले तर आरओचे पाणी भरून गोठवलेली बंद बाटली टाकीत तरंगवावी. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी टाकी त्याच खोलीत ठेवावी.

बाष्पीभवनाची दुसरी बाजू अशी की पाणी उडते आणि मीठ मागे उरते. पंखा लावलेल्या टाकीतून मे महिन्यात दिवसाला तीन-चार लिटर पाणी सहज जाते. १५० लिटरमधून दोन दिवसांत ८ लिटर गेले की क्षारता ३५ वरून ३७ वर पोहोचते. ही तूट नेहमी शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने भरावी. उंचावर पिंप ठेवून कूलरला लावतात तसा बॉल कॉक टाकीच्या कडेला बसवला की हे काम आपोआप होते. तो संपूर्ण प्लास्टिकचा असावा, पितळेत तांबे असते. पिंपात एका दिवसापुरतेच पाणी ठेवावे, म्हणजे कॉक अडकला तरी टाकी वाहणार नाही.

नित्याची कामे

रोज तापमान पाहावे, मासे मोजावेत, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दोनदा द्यावे. स्किमरचा कप भरला की धुवावा. आठवड्यातून एकदा क्षारता आणि नायट्रेट मोजावे, काच पुसावी आणि १५-१६ लिटर पाणी बदलावे. त्याला साडेपाचशे ते सहाशे ग्रॅम मीठ लागते. नवे पाणी आदल्या रात्री तयार करून टाकीच्या तापमानाला आणलेले असावे. नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत, पीएच ८.१ ते ८.४ दरम्यान राहिला तर काहीही औषध किंवा 'कंडिशनर' घालण्याची गरज नाही.

काढलेले खारे पाणी परसातल्या झाडांना, उकिरड्यावर किंवा धुऱ्यावर ओतू नये. आपल्या काळ्या मातीत सोडियम साठला की ती चोपण होते आणि मग पाणी मुरत नाही. ते शौचालयात टाकावे.

लग्नसराईत चार दिवस गावाला जायचे असेल तर शेजाऱ्याच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. रोजची एक अशा कागदाच्या पुड्या बांधून ठेवाव्यात, पिंपात कोणत्या खुणेपर्यंत पाणी भरायचे तेथे टेप चिकटवावी आणि एकदा आपल्यासमोर त्याच्याकडून ते करवून घ्यावे.